सत्तापालट झाला की शेजारी धावतात, पण खुर्चीवरच्यानेच घटना वाकवली तर?

तिरकमठा

पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात मतदान गोट्यांनी होतं. उमेदवाराच्या रंगाचा एक पिंप, वर नळी, मतदाराच्या हातात एक गोटी, ती नळीत सोडायची, आत घंटी वाजते टिंग आणि बाहेर बसलेल्या अधिकाऱ्याला कळतं की मत पडलं. दोनदा वाजली तर गडबड. मतदानाच्या दिवशी केंद्राजवळ सायकल आणायला बंदी, कारण सायकलची घंटी!

तर या पिंपांनी १ डिसेंबर २०१६ ला याह्या जामेहला हरवलं. हा गडी १९९४ साली बंड करून खुर्चीत बसलेला. हिरवा पिंप त्याचा, रुपेरी अदामा बॅरोचा. आधी त्याने चक्क टीव्हीवर फोन लावून बॅरोचं अभिनंदन केलं, सगळं जग चाट पडलं, आणि आठवड्याभरात म्हणाला की निकाल मान्य नाही.

मग इकोवास हलली, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या देशांची १९७५ पासूनची संघटना. आधी राष्ट्राध्यक्षांचं शिष्टमंडळ समजवायला गेलं, त्यात घानाचे जॉन महामा होते जे स्वतः नुकतेच निवडणूक हरून हार मान्य करून आलेले (यापेक्षा योग्य माणूस कुठून आणणार). ऐकेना. १९ जानेवारी २०१७ ला बॅरोने शेजारच्या सेनेगलमध्ये, डाकारच्या गांबियन दूतावासात शपथ घेतली आणि त्याच दिवशी सेनेगलच्या पुढाकाराने फौजा सीमेच्या आत. शेवटची मनधरणी करायला गिनीचे अल्फा कोंडे आणि मॉरिटानियाचे राष्ट्राध्यक्ष गेले. २१ ला जामेह विमानात बसला आणि इक्वेटोरियल गिनीला गेला.

इथपर्यंत परीकथा. आता पुढचं बघा. ज्या अल्फा कोंडेंनी जामेहला "आता पुरे" म्हणून विमानात बसवलं त्यांनीच २०२० मध्ये आपल्या देशात नवी घटना आणली आणि तिच्या जोरावर तिसऱ्यांदा उभे राहिले, जिंकले. रस्त्यावर माणसं मेली. इकोवासने चिंता वगैरे व्यक्त केली, पलीकडे काही नाही. पण ५ सप्टेंबर २०२१ ला सैनिकांनी कोंडेंना उचललं, तर तीन दिवसांत गिनी निलंबित!

माझा मुद्दा हाच आहे. शेजारी देशांच्या या भागीदाऱ्या लोकशाही वाचवायला आहेत की खुर्चीवरच्या माणसाला वाचवायला? टीव्ही स्टुडिओत गणवेशातला माणूस दिसला की सगळ्यांना लगेच दिसतो, सुटातला माणूस घटना पोखरत असतो तो कुणालाच कसा दिसत नाही?


रानजाई

गोट्यांचं माहीतच नव्हतं, भारीच.

पण मला एक बेसिक प्रश्न पडतो, शेजाऱ्यांना मुळात काय पडलेलं असतं? म्हणजे नैतिकता वगैरे ठीके पण फौज पाठवण्याइतकं?


तिरकमठा

रानजाई, नैतिकता कमी, स्वार्थ जास्त, आणि त्यात वाईट काहीच नाही. एकतर निर्वासित. गांबियातून त्या दोन महिन्यांत हजारो लोक सेनेगलमध्ये गेले. दुसरं म्हणजे बंड साथीसारखं पसरतं, एकाचं पचलं की शेजारच्या कर्नलला पण वाटायला लागतं. लायबेरिया आणि सिएरा लिओनमधली यादवी नव्वदच्या दशकात सगळ्या भागाने भोगलीये, त्यानंतर २००१ मध्ये इकोवासने लोकशाही आणि सुशासनाचा करार केला. त्यात एक कलम मला फार आवडतं, निवडणुकीच्या आधीच्या सहा महिन्यांत बहुसंख्य राजकीय घटकांच्या संमतीशिवाय निवडणूक कायद्यात मोठे बदल करायचे नाहीत. साधं, मोजता येणारं.


अनुस्वार

थोडं थंड पाणी ओततो.

गांबियाचं उदाहरण सगळे देतात कारण ते सोपं होतं. नकाशा काढून बघा, तीन बाजूंनी सेनेगल, चौथ्या बाजूला समुद्र. फौज चिमुकली, आणि सेनाप्रमुखानेच सांगितलं की आम्ही या राजकीय भांडणात लढणार नाही. शिवाय सुरक्षा परिषदेचा पाठिंब्याचा ठराव, आफ्रिकन युनियन पण सोबत. असे ग्रह पुन्हा जुळत नाहीत.

नायजर बघा की. २६ जुलै २०२३ ला राष्ट्राध्यक्ष बाझूम यांना त्यांच्याच रक्षकांनी कोंडलं. चार दिवसांत इकोवासने आठवड्याची मुदत दिली, नाहीतर बळाचा वापर करू. सीमा बंद, पैसे गोठवले, नायजेरियाने वीज तोडली आणि नायजरची तेव्हा सुमारे ७० टक्के वीज नायजेरियातून यायची. आठवडा संपला. काही झालं नाही. महिने गेले. अंधारात बसले कोण, जनरल की दवाखाने? शेवटी फेब्रुवारी २०२४ मध्ये निर्बंध उठवले, बाझूम कोंडलेलेच.

आणि तोपर्यंत माली, बुर्किना फासो, नायजर तिघांनी मिळून आपली वेगळी आघाडी काढली, जानेवारी २०२४ मध्ये "आम्ही चाललो" म्हणाले आणि २९ जानेवारी २०२५ ला अधिकृतपणे बाहेर. १५ चे १२ राहिले. धमकी द्यायची आणि पाळायची नाही याच्याइतकं नुकसान गप्प बसण्यानेही झालं नसतं.


शेवटचा बाक

अनुस्वार +१. मालीवर जानेवारी २०२२ मध्ये निर्बंध लावले तेव्हा बामाकोत लोक रस्त्यावर उतरले ते लष्कराच्या बाजूने! बाहेरच्यांनी नाक दाबलं की तोंड उघडतं हे खरं, पण उघडलेलं तोंड आपल्यालाच शिव्या घालतं.


चष्मिष्ट

सगळे काठीबद्दलच बोलताय, गाजराबद्दल पण बोला की.

स्लोव्हाकिया. नव्वदच्या दशकात तिथे व्लादिमिर मेचियार पंतप्रधान, विरोधकांची गळचेपी, गुप्तहेर खात्याचे उद्योग, सरकारी टीव्ही खिशात. डिसेंबर १९९७ मध्ये युरोपियन युनियनने ठरवलं की वाटाघाटी कुणाशी सुरू करायच्या, पोलंड झेक हंगेरी स्लोव्हेनिया एस्टोनिया सायप्रस आत, आणि स्लोव्हाकिया दाराबाहेर. कारण स्पष्ट सांगितलं, तुमची लोकशाही कमी पडते. म्हणजे जे कालपर्यंत एकाच देशात होते ते झेक आत आणि आपण बाहेर, हे लोकांना लागलं.

पण नुसतं तेवढ्याने झालं नाही हे महत्त्वाचं. १९९८ च्या निवडणुकीआधी तिथल्या संस्थांनी ओके ९८ नावाची मोहीम काढली, गावोगाव बस फिरवली, रॉक कॉन्सर्ट केल्या, तरुण पोरांना सांगितलं की कुणालाही द्या पण मत द्या. मतदान ८० टक्क्यांच्या वर गेलं. गंमत म्हणजे मेचियारचा पक्ष तरी पहिलाच आला! पण सोबत बसायला कुणी तयार नाही, मग चार पक्षांनी मिळून सरकार केलं आणि १ मे २००४ ला स्लोव्हाकिया युनियनमध्ये. एक गोळी झाडली नाही, वीज तोडली नाही.

त्याच्याही आधी हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनने १९६२ मध्ये दार वाजवलं होतं, तेव्हा पण हेच सांगितलं गेलं की आधी लोकशाही. १९८६ मध्ये आत गेले, फ्रँको गेल्यावर.


अनुस्वार

चष्मिष्ट, गाजर खाऊन झाल्यावर काय? हंगेरी पण २००४ मध्येच आत आला ना. मग न्यायालयं, माध्यमं, निवडणूक कायदा सगळं एकेक करून सत्ताधारी पक्षाच्या सोयीचं झालं आणि सगळं कायदेशीर, दोन तृतीयांश बहुमताने. युरोपियन संसदेने सप्टेंबर २०१८ मध्ये कलम ७ सुरू केलं, म्हणजे युनियनच्या करारातलं मूल्यं मोडणाऱ्या सदस्याला आवरायचं कलम. त्यात त्या देशाचा युनियनमधला मतदानाचा हक्क काढायचा तर आधी बाकी सगळ्या देशांचं एकमत लागतं. पोलंडवर पण तेव्हा तेच कलम चालू होतं (२०२४ मध्ये ते मागे घेतलं). म्हणजे पोलंड हंगेरीला वाचवणार, हंगेरी पोलंडला. अहो रूपम् अहो ध्वनिः.


चष्मिष्ट

ते खरंय, दारातून आत येईपर्यंत जोर, नंतर नाही. पण तिथेही शेवटी काय चाललं माहितीये का, पैसा. डिसेंबर २०२२ मध्ये युनियनने हंगेरीला द्यायचे साधारण ६.३ अब्ज युरो अडवले, त्याला एकमत लागत नाही, पात्र बहुमत पुरतं. त्यानंतर त्यांच्या संसदेने न्यायव्यवस्थेबद्दल थोडे तरी कायदे बदलले. आणि पोलंडमध्ये सरकार बदललं ते ऑक्टोबर २०२३ मध्ये लोकांनी मत देऊन, ब्रसेल्सने नाही.


भिंगरी

चोर चोर मावसभाऊ हा सगळ्या प्रादेशिक संघटनांचा एका ओळीतला इतिहास आहे :D

जुनी आफ्रिकन एकता संघटना आठवा, १९६३ ची. एकमेकांच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ नाही हे तत्त्व, त्यामुळे युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन १९७५ मध्ये तिचा अध्यक्ष झाला. इदी अमीन! २००२ मध्ये आफ्रिकन युनियन आली तेव्हा घटनाबाह्य सत्तांतर चालणार नाही हे कलमातच लिहिलं, २००७ च्या लोकशाही सनदेत तर पुढे जाऊन म्हटलं की बंड करणाऱ्याने नंतरची निवडणूक लढवायची नाही. कागदावर एक नंबर.

मग इजिप्त. जुलै २०१३ मध्ये लष्कराने निवडून आलेल्याला काढलं, युनियनने निलंबित केलं, छान. २०१४ मध्ये ज्यांनी काढलं तेच जनरल सिसी निवडणूक लढवून जिंकले आणि निलंबन मागे. आणि २०१९ मध्ये युनियनचे अध्यक्ष कोण? सिसीच. २०२१ मध्ये चाडला बाप लढाईत गेला आणि लगेच मुलगा लष्कराच्या जोरावर गादीवर, तिथे निलंबनच नाही. आपला तो बाब्या.

पण सगळ्यात कहर म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या देशांची संघटना सॅडक, तिचं न्यायाधिकरण, नामिबियात विंडहोकला होतं. झिम्बाब्वेतल्या काही शेतकऱ्यांनी जमिनी हिसकावल्याबद्दल दावा लावला, नोव्हेंबर २००८ मध्ये निकाल मुगाबे सरकारच्या विरोधात गेला. सरकार म्हणालं आम्ही मानत नाही. मग बाकीच्या राष्ट्रप्रमुखांनी काय करावं? निकाल पाळायला लावण्याऐवजी २०१० मध्ये न्यायाधिकरणच स्थगित केलं आणि २०१२ मध्ये ठरवलं की यापुढे सामान्य माणसाला तिथे जाताच येणार नाही, फक्त देश विरुद्ध देश. दुखणारा दात नाही काढला, डेंटिस्टच काढला.


तिरकमठा

भिंगरी, डेंटिस्ट :D

त्यात एक शेपूट आहे. डिसेंबर २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयाने निकाल दिला की त्या निर्णयात आपल्या राष्ट्राध्यक्षाने, म्हणजे झुमांनी, घेतलेला भाग घटनाबाह्य होता, कारण त्यांनी आपल्याच नागरिकांचा हक्क परदेशात जाऊन विकला. दावा लावला होता तिथल्या वकिलांच्या संघटनेने. म्हणजे कुंपणाने शेत खाल्लं, पण राखणदार देशातलाच निघाला.


शिक्कामोर्तब

मी निवडणूक ड्युट्या केल्यात त्यामुळे या सगळ्या मोठ्या करारांपेक्षा मला निकालपत्रकात जास्त रस असतो. रात्री मोजणी संपते तेव्हा सगळे मेलेले असतात, बेरीज चुकते, खाडाखोड होते, प्रत्येक खाडाखोडीवर सही पाहिजे, प्रतिनिधींना प्रत पाहिजे. निवडणूक चोरायची असेल तर तिथे चोरतात, मतपेटी पळवणं वगैरे आता जुनं झालं.

मलावी, मे २०१९. युरोपियन युनियनचे, आफ्रिकन युनियनचे, सॅडकचे निरीक्षक आले. मतदान बघितलं, रांगा शांत, पेट्या सील, प्राथमिक निवेदनं एकूण चांगल्या शब्दांत. आणि निकालपत्रकांवर व्हाइटनर! आकडे व्हाइटनर लावून बदललेले, आणि मध्यवर्ती केंद्राने ते घेतलेसुद्धा. लोक महिनोन् महिने रस्त्यावर, आणि ३ फेब्रुवारी २०२० ला तिथल्या पाच न्यायाधीशांनी निवडणूक रद्द केली. जूनमध्ये परत मतदान, विरोधी उमेदवार चकवेरा ५८ टक्क्यांहून जास्त मतं घेऊन आले. केनियात पण १ सप्टेंबर २०१७ ला सुप्रीम कोर्टाने निवडणूक रद्द केली, तिथेही बाहेरचे बडे बडे निरीक्षक आधीच "ठीक झालं" म्हणून मोकळे झालेले.

निरीक्षक वाईट नसतात हो, पण चार दिवसांसाठी येतात, हॉटेलात उतरतात, मतदानाचा दिवस बघतात. मतदारयादी सहा महिने आधी बनते आणि घोळ मोजणीनंतर दोन दिवसांनी होतो.


रानजाई

शिक्कामोर्तब, मग निरीक्षक पाठवूच नयेत का?


शिक्कामोर्तब

पाठवावेत, पण लवकर पाठवावेत आणि खरं बोलणारे पाठवावेत. ऑगस्ट २०२३ मध्ये झिम्बाब्वेच्या निवडणुकीत सॅडकच्याच पथकाने, प्रमुख झांबियाचे माजी उपराष्ट्राध्यक्ष, सरळ म्हटलं की काही बाबी झिम्बाब्वेच्या घटनेत आणि आमच्या तत्त्वांत बसत नाहीत. अशा पथकाने इतकं स्पष्ट बोलण्याची सवयच नव्हती कुणाला, सत्ताधारी पक्षाने त्या गृहस्थांवर वैयक्तिक चिखलफेक केली. निकाल बदलला नाही. पण पाश्चात्त्य निरीक्षक बोलले की "वसाहतवादी" म्हणून उडवता येतं, शेजारचा आफ्रिकन माणूस बोलला तर तो शब्द वापरता येत नाही, तेव्हा वेगळं काहीतरी शोधावं लागतं.


खारूताई

हा मुद्दा अगदी पटला. शेजाऱ्याच्या शब्दाला वेगळं वजन असतं.

पण नुसतं खरं बोलून भागत नाही याचं माझ्याकडे वाईट उदाहरण आहे. आफ्रिकेत २००३ पासून समकक्ष आढावा नावाची एक पद्धत आहे, देश स्वतःहून आपला कारभार तपासून घेतो, बाहेरच्या आफ्रिकन तज्ज्ञांचं मंडळ येतं, लोकांशी बोलतं, अहवाल करतं आणि मग तो अहवाल इतर राष्ट्रप्रमुखांसमोर त्या राष्ट्रप्रमुखाला ऐकून घ्यावा लागतो. घाना, केनिया, रवांडा, मॉरिशस यांचा आढावा सगळ्यात आधी सुरू झाला.

केनियाचा अहवाल २००६ चा. त्यात वांशिक तेढ, जमीनवाटप, सगळी सत्ता एका खुर्चीत, सगळं लिहिलेलं. डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर हजाराहून जास्त माणसं मेली, नेमकी त्याच कारणांनी. दक्षिण आफ्रिकेच्या अहवालात परदेशी लोकांविरुद्धचा राग वाढतोय असं लिहिलं होतं, २००७ मध्ये सरकारने ते खोडून काढलं, हे बरोबर नाही म्हणाले. मे २००८ मध्ये दंगली, ६२ मेले.

निदान अचूक होतं हो. औषध द्यायचा अधिकार कुणाकडेच नव्हता.


पाणिनीचा पुतण्या

वाचतोय. अवांतर: आपल्या सार्कचं काय?


अनुस्वार

पुतण्या, सार्कच्या १९८५ च्या सनदेतच आहे की निर्णय एकमताने आणि दोन देशांतले वादाचे विषय काढायचेच नाहीत. २०११ मध्ये लोकशाहीची सनद पण मंजूर केली, किती जणांना माहितीये? २०१४ च्या काठमांडूनंतर शिखर परिषदच झालेली नाही. भेटतच नाहीत तर एकमेकांना सुनावणार कधी.


चष्मिष्ट

भेटून तरी काय होतं, आग्नेय आशियातल्या देशांची आसियान बघा, वर्षभर भेटत असतात. १ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारमध्ये बंड, २४ एप्रिलला जकार्तात सगळे बसले, त्यात खुद्द बंडखोर जनरल मिन आँग लाइंग पण, आणि पाच कलमी सहमती झाली. पहिलं कलम हिंसा ताबडतोब थांबवणे. जनरल घरी गेला आणि म्हणाला, परिस्थिती निवळली की विचार करू. हकालपट्टीची तरतूदच नाही, सगळं एकमताने. फार फार तर ऑक्टोबर २०२१ पासून त्याला शिखर परिषदेला बोलावलं नाही आणि २०२६ चं अध्यक्षपद म्यानमारकडे जाणार होतं ते फिलिपिन्सकडे दिलं. आसियानच्या मानाने ही क्रांती समजायची.


भिंगरी

आणि कलम असलं तरी ते कोण कुणाविरुद्ध वापरतं हे पण बघा. दक्षिण अमेरिकेतल्या देशांचा व्यापारी गट, मर्कोसुर. १९९६ मध्ये पॅराग्वेच्या लष्करप्रमुखाने राष्ट्राध्यक्षाला राजीनामा दे म्हणून धमकावलं, ब्राझील अर्जेंटिनाने दम भरला, बंड फसलं, त्यातून १९९८ चा लोकशाहीचा करार आला. उत्तम.

मग जून २०१२. पॅराग्वेच्या संसदेने राष्ट्राध्यक्ष लुगोंना दीड दिवसात महाभियोग लावून घरी पाठवलं, बचावाला दोन तास. मर्कोसुरने पॅराग्वेला निलंबित केलं, इथवर समजू शकतो. पण व्हेनेझुएलाचा प्रवेश कित्येक वर्षं कुणी अडवला होता? पॅराग्वेच्या सिनेटने. पॅराग्वे बाहेर गेल्यावर महिन्याभरात व्हेनेझुएला आत! म्हणजे लोकशाहीच्या नावाने एकाला बाहेर काढलं आणि त्याच दारातून व्हेनेझुएलाच्या राष्ट्राध्यक्ष चावेझना आत घेतलं. ऑगस्ट २०१७ मध्ये त्याच व्हेनेझुएलाला लोकशाही मोडल्याबद्दल निलंबित करावं लागलं.


तिरकमठा

इतके प्रतिसाद आले त्यावरून माझं मत थोडं स्पष्ट करतो, कारण मी "काही उपयोग नाही" अशा बाजूचा नाहीये.

राष्ट्रप्रमुखांच्या क्लबकडून राष्ट्रप्रमुखाला शिस्त लागेल ही अपेक्षाच चुकीची. २०१५ मध्ये इकोवासच्या बैठकीत प्रस्ताव आला होता की सगळ्या देशांत राष्ट्राध्यक्षाला दोनच मुदती. गांबिया (जामेह) आणि टोगोने विरोध केला, प्रस्ताव बारगळला. साहजिकच आहे. पण याच भागीदाऱ्यांमध्ये काही कंटाळवाणे कोपरे असतात जिथे सामान्य माणसाला जाता येतं, आणि माझ्या मते खरा फरक तिथे पडतो.

उदाहरणार्थ इकोवासचं न्यायालय. २००५ पासून कुठलाही नागरिक मानवी हक्कांचा दावा घेऊन थेट तिथे जाऊ शकतो, आधी देशातली सगळी कोर्टं पालथी घालायची अटच नाही. नायजरमधल्या एका बाईला बाराव्या वर्षी विकलेलं, गुलाम म्हणून. सुटली तर मालक म्हणाला ही माझी बायको, आणि तिने दुसऱ्याशी लग्न केलं तर देशातल्या कोर्टाने तिलाच द्विभार्या की काय म्हणतात त्या गुन्ह्यात तुरुंगात टाकलं. ती इकोवासच्या न्यायालयात गेली, २७ ऑक्टोबर २००८ ला निकाल लागला, सरकारने तिचं रक्षण केलं नाही म्हणून १ कोटी सीएफए फ्रँक भरपाई. आणि सरकारने दिली! फौज नाही, शिखर परिषद नाही.

दुसरं, चिली. एका मोठ्या जंगलतोडीच्या प्रकल्पाची माहिती १९९८ मध्ये काही जणांनी सरकारी समितीकडे मागितली, मिळाली नाही. आंतर-अमेरिकन न्यायालयाने (अमेरिका खंडांतल्या देशांचं मानवी हक्कांचं कोर्ट) २००६ मध्ये सांगितलं की माहिती मिळणं हा हक्क आहे, आणि अधिकाऱ्यांना प्रशिक्षण द्या, पद्धत बदला. २००८ मध्ये चिलीत माहितीचा कायदा झाला. सुशासन म्हणतात ते हेच ना, की अर्ज केला तर उत्तर यावं.


अनुस्वार

मान्य, पण ती दोन्ही सरकारं ऐकणारी होती म्हणून झालं. गांबियाबद्दलच सांगतो. जामेहच्या काळात एका पत्रकाराला उचललं, तो परत दिसलाच नाही. इकोवासच्या न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं सोडा त्याला, भरपाई द्या. जामेह असेपर्यंत शून्य. कोर्टाकडे पोलीस नाहीत.


तिरकमठा

बरोबर. पण जामेह गेल्यावर नव्या सरकारने त्या निकालांची जबाबदारी मान्य केली. निकाल फाइलीत पडून राहतो, हुकूमशहा जातो. निकाल नसता तर मागायला आधार काय होता?


शिक्कामोर्तब

गांबियावरून एक राहिलं जे धाग्यात कुणी लिहिलं नाही आणि माझ्या मते तेच मुख्य. २०१६ मध्ये तिथे मोजणी प्रत्येक मतदान केंद्रावरच केली, आधी पिंप गोळा करून मध्यवर्ती ठिकाणी नेत. म्हणजे पोलिंग एजंटांसमोर, तिथल्या तिथे, आणि आकडा गावाला कळला. आता वर बसून आकडा बदलायचा तर शेकडो ठिकाणच्या माणसांना खोटं ठरवावं लागलं असतं. जामेहने फोन करून हार मानली ती त्यामुळे. आणि सात आठ दिवसांनी फिरला तेव्हा इकोवासला "कोण जिंकलं" याचा तपास करावाच लागला नाही, ते आधीच जगजाहीर. शेजारी फक्त अशाच निकालाच्या मागे उभे राहू शकतात जो आतल्या लोकांनी आधीच पक्का केलाय. नायजरमध्ये मागे उभं राहायला रस्त्यावर फारसं कुणी नव्हतं.


भिंगरी

शिक्कामोर्तब, टाळ्या. आणि आता त्या फौजा कुणी पाठवल्या ते पण लक्षात घ्या. सेनेगलचे मॅकी साल. त्याच मॅकी सालनी ३ फेब्रुवारी २०२४ ला, स्वतःच्या देशात निवडणूक तीन आठवड्यांवर असताना, पुढे ढकलली! सहा महिन्यांचं कलम? इकोवासने वेळापत्रकाकडे परत या असं सौम्य आवाहन केलं. आठवडाभर आधी तिघे बाहेर पडतो म्हणालेले, त्यामुळे आवाज आणखीच बारीक.

थांबवलं कुणी? तिथल्या घटना परिषदेने, १५ फेब्रुवारीला. २४ मार्चला मतदान, विरोधी उमेदवार फाये दहा दिवसांपूर्वी तुरुंगातून सुटलेला, पहिल्याच फेरीत जिंकला. सालनी अभिनंदन केलं आणि घरी गेले.


रानजाई

म्हणजे गांबियाला सेनेगलने वाचवलं आणि सेनेगलला सेनेगलनेच. छान आहे हे.

मग बॅरोचं पुढे काय झालं, तो तरी नीट निघाला का?


तिरकमठा

मिश्र. तुरुंग रिकामे झाले, माध्यमं मोकळी झाली, सत्यशोधन आयोगाने जामेहच्या काळातल्या खून-छळाच्या साक्षी जाहीरपणे घेतल्या. पण तीन वर्षंच राहणार म्हणालेला, पाच राहिला, २०२१ मध्ये परत निवडून आला. २०२० मध्ये नव्या घटनेचा मसुदा संसदेत आला, त्यात दोन मुदतींची मर्यादा होती आणि बॅरोची चालू मुदत पण त्यात धरली जाणार होती. त्याच्या बाजूच्या खासदारांनी मसुदा पाडला, तीन चतुर्थांश मतं मिळाली नाहीत. त्यामुळे मुदतीची मर्यादा अजून नाहीच.


अनुस्वार

बघा. आणि २०१५ च्या त्या प्रस्तावाला विरोध करणारा दुसरा, टोगो, त्याने तर मर्यादाच निरर्थक केली. २०२४ मध्ये घटना बदलून अध्यक्षीय पद्धतीची संसदीय केली, सगळी सत्ता मंत्रिपरिषदेच्या अध्यक्षाकडे दिली ज्याला मुदतींची मर्यादा नाही, आणि मे २०२५ मध्ये त्या खुर्चीत बसले कोण तर फॉरे न्यासिंग्बे, २००५ पासून राष्ट्राध्यक्ष, त्याआधी वडील १९६७ पासून. सैनिक नाहीत, रणगाडे नाहीत. टोगो अजून इकोवासचा सन्माननीय सदस्य.


पाणिनीचा पुतण्या

टोगोवर वेगळा धागा काढा कुणीतरी, हे राष्ट्राध्यक्षाचं मंत्रिपरिषदेचा अध्यक्ष झालं ते नीट कळलं नाही.


अनुस्वार

काढतो शनिवार-रविवारी. शिक्कामोर्तब, तिकडच्या मोजणीच्या पद्धतीबद्दल काही हाताशी असेल तर टाकून ठेवा.